पोटात ठेवलेली गोष्ट

अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात, घरात तुम्हाला सगळे ‘पोपट’ म्हणतात, आणि आईने तुम्हाला एक गोष्ट पोटात ठेवायला सांगितली आहे. जमेल?

या गोष्टीतली पोपट ही एक मुलगी. कानावर पडेल ते तिच्या तोंडातून बाहेर पडायचं, म्हणून हे नाव. तरी तीन दिवस तिने तोंड मिटून धरलं होतं. आईला दिवस गेले होते. आणखी बाळ नको, असं आईबाबांनी विचार करून ठरवलं आणि डॉक्टरीणबाईंनी गर्भ पाडायच्या गोळ्या दिल्या. “कळा येतील, रक्त जाईल, तू घाबरू नकोस,” आईने आधीच समजावलं होतं. “पण हे आपल्या तिघांचं. पोटात ठेव. आत्याला तर मुळीच सांगू नकोस. तिच्या दुकानात शिरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते.”

कळा आल्या, रक्त गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आई उठून कामाला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पुन्हा आडवी झाली. दुखण्यावरची गोळी घेऊन दोन तास झाले, तरी दुखणं हटेना. पोपटने तिच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. बाबा ट्रक घेऊन दोन दिवसांच्या वाटेवर गेलेले.

“पडते जराशी. वाटेल बरं,” आई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

 पोपट धडाधड जिना उतरून खाली आत्याच्या शिवणाच्या दुकानात शिरली.

आत्याचा तो दिवस काही औरच होता. तिने शिवलेल्या कोटाला कालच स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. मशीनशेजारी चषक झळकत होता. अभिनंदनाला आलेल्या बायका स्टुलं अडवून बसल्या होत्या. मधोमध गाणं शिकवणारे मास्तर टाचण्या लावलेला अर्धा कोट घालून हात पसरून उभे होते.

“आत्या, आईच्या पोटात दुखतंय!”

आत्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “दुखणारच! चषक मला मिळालाय ना.”

दुकानभर हशा पिकला. पोपटला काही कळेना.

“अगं, खूप दुखतंय!”

“खूपच दुखायला हवं. पहिलं बक्षीस आहे, उत्तेजनार्थ नव्हे.”

“ताप पण आलाय!”

“घ्या! आत्ताच ताप? अजून माझा पेपरात फोटो यायचाय!”

मास्तर इतके हसले, की एक टाचणी त्यांना टोचली.

पोपट वर आली. कपाटातून तिने डॉक्टरीणबाईंचा कागद काढला आणि खालचा नंबर फिरवला. “माझ्या आईच्या पोटात दुखतंय,” ती म्हणाली आणि हसू येण्याची वाट पाहत राहिली. पलीकडे कुणी हसलं नाही. कधीपासून? गोळी घेऊन थांबलं का? ताप? रक्त किती जातंय? पोपटने सगळी उत्तरं घडाघडा दिली.

“शाबास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पहिल्या दिवशी गर्भाशय आकसतं, म्हणून कळा येतात. त्या ठरलेल्याच. कधी नुसता गॅस धरतो, कधी पोट साफ होत नाही, म्हणूनही दुखतं. पण ताप, आणि गोळीनेही न हटणारं दुखणं? आत काही राहिलं असेल, त्यात जंतू वाढले असतील. आईला आत्ताच्या आत्ता इकडे आणायचं. घरात मोठं कोण आहे?”

मोठी आत्याच होती.

पोपट जिन्याच्या पायरीवर क्षणभर थांबली. मग दुकानात गेली, आत्याच्या गळ्यातली मोजपट्टी धरून तिचा कान आपल्या तोंडापाशी ओढला, आणि तीन दिवस सांभाळलेली गोष्ट हळूच त्या कानात सोडली.

आत्याचं हसू कात्रीने कापल्यासारखं तुटलं.

“अगं कार्टे, मग ‘पोट दुखतंय’ म्हणायचं! ‘पोटात दुखतंय’ काय!” ती ओरडली. “मास्तर, तुमची गाडी काढा!”

का, हे विचारायची मास्तरांची छाती झाली नाही. त्यांनी टाचण्यांसकट गाडी हाकली. दर वळणाला मागच्या सीटवर आई कण्हायची आणि पुढच्या सीटवर मास्तर.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आत थोडं राहिलंच होतं. औषध सुरू झालं. आत राहिलेलं दुपारी काढून टाकलं की झालं, असं त्या म्हणाल्या. “दोन दिवस अंगावर काढलं असतं, तर जिवावर बेतलं असतं.”

आत्या खाटेशी खाली मान घालून उभी राहिली. “वहिनी, मला आधी का नाही सांगितलंत?”

आईने तिच्या गळ्यात अजून लटकणाऱ्या दुकानातल्या मोजपट्टीकडे पाहिलं. आत्याला उत्तर कळलं.

“चुकलं माझं. माझं बोलणं पोटात घाला.”

“दुपारपर्यंत पोटात काहीच घालायचं नाही म्हणाल्यात,” आई पुटपुटली आणि तशातही हसली.

आत्याने डोळे पुसले, पोपटला बाहेरच्या बाकावर नेलं आणि आजूबाजूला पाहून आवाज उतरवला. “हे बघ, मी दुकानात जे काही बोलले ना, ते तुझ्या बाबांना सांगायचं नाही. शहाणी ना तू? पोटात ठेव.”

पोपटने दाराच्या फटीतून आईकडे पाहिलं. मग आत्याच्या पिशवीतून आत्याचाच फोन काढला.

“नको गं आत्या,” बाबांचा नंबर लावता लावता ती म्हणाली. “पोटात ठेवलं की दुखतं.”