अण्णांची परीक्षा

परवान्याची परीक्षा सुरू होताच दगडूअण्णांनी टेबलावरच्या स्टिअरिंगला नमस्कार केला. तीस वर्षं ट्रक चालवला, तरी आता परवाना टिकवायला घरच्या सिम्युलेटरवर पास व्हावं लागणार होतं. दुसरी संधी नव्हती. तो सिम्युलेटर त्यांच्या मुलीने, शलाकाने, कमी खर्चात जुळवला होता. चित्र न अडखळता दिसावं म्हणून अण्णांनी आणलेलं नवं ग्राफिक्स कार्ड मात्र तिने स्वतःच्या रेसिंग गेमच्या मशीनला लावलं आणि तिथलं जुनं यात बसवलं.

घाटातल्या वळणावर चित्र क्षणभर गोठलं. हललं तेव्हा पडद्यावर रस्ता ओलांडणारी एक पोर चाकाखाली होती.

'प्रतिक्रिया मंद. परवाना कायमचा रद्द.'

"मला ती दिसलीच नाही गं," अण्णा म्हणाले. "डोळे गेले का माझे?"

शलाकाने मशीन बंद केलं.

"वय झालं तुमचं, अण्णा."

त्यांनी मान डोलावली. "बरं झालं, खरी पोर नव्हती."