चिठ्ठीमागची चांदणी

"भाऊ, दुसरं देऊ का एखादं?" लायब्ररीतल्या दीप्तीने पुस्तक हातातच धरून विचारलं.

"का? हे काय कुजलंय?"

भाऊंनी तिच्या हातून पुस्तक ओढून घेतलं. डोंगरातला आडबाजूचा मठ, अठरा साधू, एक खून आणि चारशे पानं. त्यांना असंच हवं होतं.

आदल्या दिवशी चेंबूरहून धवलचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला होता. "बाबा, दोनदा गॅस चालू राहिला. नेरळच्या वृद्धाश्रमात तुमचं नाव घालतोय."

"डोकं शाबूत आहे रे माझं! जाडजूड रहस्यकथा वाचतो आणि रविवारी तुला अख्खी सांगतो. एक नाव चुकलं तर खुशाल ने."

गोष्ट म्हणजे नुसती गोगलगाय. खून पडेपर्यंत साधूंची तीनदा जेवणं उरकली. मठात कुणी कुणाशी बोलत नसे. भाऊंना ते अगदी घरच्यासारखं वाटलं. बायको नीला गेल्यापासून मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नव्हता. फारच एकटं वाटलं की ते मोठ्याने वाचत.

चाळिसाव्या पानावर मात्र त्यांनी मांडीवर थाप मारली. खुनी आचारीच! लेखकाने अजून त्याच्याकडे बोटही दाखवलं नव्हतं. शेवटी तोच निघाला.

"बघ नीला, धार आहे अजून," ते फोटोला म्हणाले.

रविवारी त्यांनी फोनवर सगळी गोष्ट सांगितली. अठराच्या अठरा नावं, घडाघडा. धवल इंटरनेटवर एकेक नाव ताडून बघत होता.

"मानलं बाबा. राहा घरीच."

भाऊंना रडूच आलं. सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते लायब्ररीत गेले.

"झकास पुस्तक! चाळिसाव्या पानावर खुनी पकडला, दीप्ती!"

दीप्ती नुसती हसली आणि रजिस्टर चाळू लागली.

भाऊंनी खिशातून पेन्सिल काढली. त्यांची आणि नीलाची जुनी पद्धत होती. वाचून झालं की शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीमागे भाऊ एक चांदणी काढायचे आणि खाली तारीख घालायचे. नवं पुस्तक घेताना चिठ्ठी उचलून बघायचं काम नीलाचं.

त्यांनी चिठ्ठीचा कोपरा उचलला.

तिथे आधीच तीन चांदण्या होत्या. तिन्ही त्यांच्याच हातच्या, तिन्ही याच वर्षीच्या.