पान्याची जोड

"हा चौथा, जॉबरमामा," म्हणत हार्डवेअरच्या दुकानातल्या वहिनींनी नवा पाना पुढे सरकवला आणि तुटका खोक्यात टाकला. डब्यावर 'आजीवन वॉरंटी' छापलेलं होतं आणि कंपनी शब्दाला जागत होती. वर्षात तीन पाने मोडले, तिन्ही मुकाट बदलून मिळाले. माग दुरुस्त करणाऱ्या मगदूम जॉबरांना त्याचाच राग येई; भांडायलासुद्धा जागा नाही!

"आमच्या उस्तादांचा पाना चाळीस वर्षं चालला," ते फणकारले. "आताच्या लोखंडाला काय धाड भरलीय?"

उद्या खंडेनवमी, म्हणून घरी येऊन त्यांनी उस्तादांचा तो जुना पाना पूजेसाठी काढला. दरवर्षी वरवर फडकं मारायचे. आज मात्र, ह्यात एवढं आहे तरी काय म्हणून, रॉकेलनं पार घासला. मळ निघाला आणि मानेवर वेल्डिंगचा वण दिसला. चष्मा पुसून पाहिलं, तर खाली आणखी दोन. म्हणजे हाही मोडला होता की! तीनदा! आणि तिन्ही वणांत जुनं कुंकू गच्च बसलेलं.

दुकान बंद व्हायच्या आत जॉबर परत हजर. "वहिनी, हा नवा ठेवा. माझा तुटका द्या."

"तुटका घेऊन काय करणार?"

"जोडून बघतो. नवा द्यायला काय जातंय? पण मोडल्यावर जोड धरतो का, ते छापलंय का कुठं?"

वहिनींनी खरंच डबा उलटा करून पाहिला.