भिंतीचा नेम

चेंडू हातात आला आणि भिंत सुसाट निघाली.

भिंत हे तिचं टोपणनाव. विद्यापीठाच्या मुलींच्या पहिल्या बास्केटबॉल संघात ती बचावाला असायची आणि तिला चुकवून कोणी पुढे जात नसे, म्हणून पडलेलं. आज त्या संघाच्या सुवर्णमहोत्सवात जुन्या खेळाडू विरुद्ध आताच्या मुली असा गमतीचा सामना लागला होता. भिंतीच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे, पायात नातीचे बूट, आणि समोरच्या संघात साक्षात नातच. हॉल नुसता दणाणून गेला होता.

एका मुलीला तिनं डावीकडून चुकवलं. दुसरीला असा गुंगारा दिला की पोरगी उलट्याच दिशेला पळाली. आणि मैदानाच्या मधल्या रेषेपाशी पोचल्यावर भिंतीचे पाय जागच्या जागी खिळले. हाताखाली चेंडू तेवढा आपटत राहिला.

नात धावत आली. "आजी, गुडघा दुखतोय का?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय? पुढे जाता येत नाही."

"का?"

"रेष आहे ना."

नात रेषेकडे बघतच राहिली. तिला बिचारीला काय माहीत? आजीच्या वेळी मुलींना अख्खं मैदान पळणं झेपायचं नाही, असं मोठ्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. तिघी अलीकडे राहून बास्केट राखणार, तिघी पलीकडे राहून गुण करणार. इकडचीनं तिकडे किंवा तिकडचीनं इकडे पाऊल टाकलं की शिट्टी. भिंत कायम अलीकडे. कप जिंकले, फोटोत ती पहिल्या रांगेत बसली, पण सामन्यात बास्केटमध्ये चेंडू टाकणं तिच्या नशिबी कधी आलं नाही. आज एकदा तरी टाकायचाच, असं घोकत ती आली होती आणि ऐन वेळी पायांनीच दगा दिला. नातीला तिनं दोन वाक्यांत तो नियम सांगितला.

"तो नियम कधीच गेला, आजी," नात म्हणाली. मग दोन्ही हात पसरून समोर उभी राहिली. "ये तर खरी. बघते कशी टाकतेस."

पलीकडून तिची जुनी जोडीदारीण तोफ ओरडत होती, "अगं, माझ्याकडे दे, माझ्याकडे!" त्या काळचे सगळे गुण तोफेचे. भिंतीनं चेंडू अडवायचा आणि तोफेकडे द्यायचा, हीच रीत होती.

भिंतीनं एक पाऊल पलीकडे टाकलं. शिट्टी वाजली नाही. दुसरं टाकलं. मग मात्र ती कोणाला आवरेना. नातीला खांद्यानं बाजूला सारून ती बास्केटखाली पोचली आणि तिनं चेंडू वर भिरकावला. तो कडीवर थोडा नाचला, रेंगाळला आणि आत पडला. भिंतीला इतका आनंद झाला की हसावं की रडावं तेच तिला कळेना.

तेवढ्यात मुलींनी चेंडू घेऊन उलटी धाव घेतली. "भिंत, मागे पळ!" तोफ ओरडली.

"तू पळ," धापा टाकत भिंत म्हणाली. "मी त्या काळी पुष्कळ सांभाळलं."

तोफ चरफडत पळाली. जोरात पळाली. आणि मधल्या रेषेपाशी येऊन खाडकन थांबली.

भिंतीनं तोंडाशी हात धरून हाक दिली, "जा गं पुढे. कोणी काही म्हणत नाही."