पलंगाखालचे बूट

"सूनबाई, नाताळच्या सुट्टीपुरतं ते पळणं बंद ठेव. लोक विचारतील, घरात भांडण झालं का," ती गावी आल्या आल्याच सासरे म्हणाले होते.

तिने बूट पलंगाखाली सारले. पण शहरातल्या सवयीने रोज पहाटे जाग यायची आणि गोधडीत पाय काही स्वस्थ राहत नसत.

आज ओसरीवर सासरेच येरझाऱ्या घालत होते, लंगडत. पारा फार उतरला होता. द्राक्षमण्यांना तडे जायच्या आत बागेत रचलेल्या शेकोट्या पेटवायला हव्या होत्या. मुलगा अजून पुण्यातच होता आणि त्यांचा स्वतःचा गुडघा धरला होता.

तिने बूट चढवले, त्यांच्या हातातला टेंभा घेतला आणि ओळीओळीतून धावत सुटली. मागे धूर पसरत गेला.

शेजारी बांधावर आला. "अहो, सूनबाई का पळतेय? काही झालं का घरात?"

सासऱ्यांनी कानटोपी सारखी केली. "काही नाही. रोजच पळते ती."