अकरा नावं

रामनाथ गुरुजी बोईसरहून सायकलने येईपर्यंत त्यांच्यासाठी केलेला चहा तिसऱ्यांदा गार झाला.

"मिळाला पेपर?" मंजुळाने विचारलं. गुरुजींनी पिशवी दाखवली. बसा असं कुणी म्हटलं नाही.

चार दिवसांपूर्वी रेडिओने सांगितलं होतं: शत्रूच्या पाणबुडीने मालवाहू बोट बुडवली, अकरा गेले, बाकीचे वाचले, नावं नंतर. मंजुळाचा धाकटा, पुंडलिक, त्याच बोटीवर खलाशी. पहिलीच खेप. तेव्हापासून त्याच्या बायकोने, शकूने, कुंकू पुसलं जाईल म्हणून तोंड धुतलं नव्हतं. नवापुरात यावर कुणी हसलं नाही.

थोरला नवशा ओटीवर जाळं सांधत होता. जुना खलाशी तो. वैशाखात पाय मोडला म्हणून घरी. पुंडलिकला त्यानेच आपली ट्रंक दिली, स्वेटर दिला, बोटीवर साहेबाशी काय बोलायचं ते शिकवलं. दोघे दिसायला इतके सारखे, की शाळेत पुंडलिकच्या वाटणीच्या छड्या नवशा खायचा. मारणाऱ्या गुरुजींना हे अजून माहीत नव्हतं.

"पुंडलिकचं तेवढं बगा," मंजुळा म्हणाली.

"नाय गुरुजी, सगळी वाचा," नवशा म्हणाला. "एकूण एक."

पहिलं नाव रत्नागिरीचं निघालं. दुसरं दमणचं. शकूने दाराची चौकट धरली. सातव्याला गुरुजी अडखळले.

"नवशा... नवशा जानू पागधरे. नवापूर."

सगळ्यांनी ओटीवरच्या नवशाकडे पाहिलं. मग शेजारचा भिका फसकन हसला.

"आयला नवशा, तू मेलास? आनी आमाला बोललास पन नाय!"

"जुन्या यादीतलं नाव उचललं असेल," म्हणत गुरुजींनी उरलेली चार वाचली. पुंडलिक कुठेच नव्हता.

मंजुळाने शकूला मिठी मारली. "वाचला रे माजा पुंड्या!" भिकाने ओटीवरचं जाळं हारासारखं नवशाच्या गळ्यात घातलं, पाया पडला. आळी हसून हसून वाकली.

शकूने चार दिवसांनी तोंड धुतलं, ताजं कुंकू लावलं आणि साखरेची वाटी घेऊन आली.

"घ्या भावजी. पयला मान मेलेल्याचा."

नवशाने साखर मुठीत घेतली. नाव आणि फोटो असलेलं खलाशाचं पुस्तक दाखवल्याशिवाय बोटीवर कुणाला घेत नाहीत. पुंडलिकचं पुस्तक कधी झालंच नव्हतं. तो गेला होता नवशाच्या पुस्तकावर, नवशाच्या नावाने.