सावलीत वाळवलेली माती

मका गुडघ्याएवढा होऊन थांबला होता आणि पानं कडेनं जांभळी पडली होती. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेला मुलगा बांधाशी स्कूटर लावून बघत राहिला.

"मातीत स्फुरद कमी पडलेलं दिसतंय, बाबा."

"कसं कमी पडेल? तुझ्याच रिपोर्टात भरपूर लिहिलंय. म्हणून तर यंदा ते खत टाकलं नाही." बापाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तू सांगितलंस तशी दहा ठिकाणची माती घेतली, वीतभर खोल. सावलीत वाळवून पिशवी तुझ्या हातात दिली. शेजारी खत टाक म्हणत होता, मी त्यालाच वेड्यात काढलं. जमिनीत काही खोट नाही रे. मीच कुठंतरी कमी पडलो."

मुलगा स्कूटरकडे वळला. तो निघाला तसा बाप वांगी घेऊन आला. "डिकी उघड. सूनबाईला दे."

"डिकीत जागा नाही."

वांगी हँडलला अडकवून तो निघाला. डिकीत पेरणीच्या आधीपासून मातीची पिशवी पडून होती. बापाने मारलेली गाठ अजून कुणी सोडली नव्हती.